‘कायमचे बंद’ अशी नोंद

"माझं दुकान बंद हाय, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

बाई ऑफिसच्या दारातच उभ्या होत्या. वय चाळिशीच्या आसपास, हातात मोबाईल. आत या, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला आणि त्यावर बोट टेकवलं. आमच्याच डिरेक्टरीचं पान उघडलेलं होतं. वर दुकानाचं नाव, इंदुमती मोटर रिवाइंडिंग. खाली उद्यमनगरचा पत्ता. आणि पत्त्याखाली लाल अक्षरांत दोन शब्द: कायमचे बंद.

"आणि दुकान चालू आहे?" मी विचारलं.

"चालू म्हंजे? आत्ता कुलूप घालून आलोय. फेब्रुवारीपास्नं रोज नऊला उघडून बसतोय."

मे महिना अर्धा सरला होता.

अशा तक्रारी आमच्याकडे रोज यायच्या. कुणाचा पत्ता चुकलेला असायचा, कुणाच्या सलूनवर मटणाच्या दुकानाचा फोटो चढलेला असायचा. मी त्याच तयारीनं कीबोर्ड जवळ ओढला. दोन मिनिटांचं काम, असं मला वाटलं होतं.

आधी हे काम काय होतं ते सांगतो. राजारामपुरीत माझं चार माणसांचं ऑफिस आहे. आम्ही लोकांना वेबसाइट आणि सॉफ्टवेअर करून देतो. जयसिंगपूरचे एक व्यापारी, चौगुले साहेब, आमच्याकडे आले आणि म्हणाले, जिल्ह्यातला एकूण एक धंदा मोबाईलवर दिसला पाहिजे. हातकणंगल्याचा पंक्चरवाला दिसला पाहिजे आणि मलकापूरचं लॉजही दिसलं पाहिजे. पूर्वी टेलिफोनचं जाडजूड पुस्तक असायचं, तसंच पण इंटरनेटवर. प्रत्येक दुकानाची एक नोंद, तिला आम्ही लिस्टिंग म्हणतो. नोंदीत नाव, पत्ता, फोन, फोटो आणि दुकान चालू की बंद. माहिती गोळा करायला साहेबांनी पंधरा-सोळा बायका नेमल्या. त्यांनी गल्लोगल्ली हिंडून फॉर्म भरले. ते फॉर्म साइटवर चढवायचं काम माझं.

साइट झकास चालली. इतकी, की मोबाईलवर कुणी 'कोल्हापूर मोटर रिवाइंडिंग' असं शोधलं तर आमचं पान सगळ्यांत वर यायचं. मला त्याचा गर्व होता, लपवत नाही.

"एक सोपा उपाय आहे," मी बाईंना म्हणालो. "मालकानं साइटवर येऊन 'हे दुकान माझं' असं म्हणायचं. त्याला क्लेम करणं म्हणतात. मग दुकानाच्या नंबरवर ओटीपी जातो. तो टाकला की मालक स्वतःच सगळं दुरुस्त करू शकतो. हा नंबर तुमचाच ना?"

"मालकांचा. जानेवारीत वारले."

मग विचारायचं म्हणून विचारलं, "सिम आहे?"

"फोन वाजला की आत्ती रडायच्या." सासूबाईंना त्या आत्ती म्हणायच्या. "गिऱ्हाईकांचे फोन यायचे, सारखे यायचे. म्हाताऱ्या माणसाला वाटायचं, लेकाचाच फोन वाजतोय. तिसऱ्या दिवशी बंद करून कपाटात ठेवला. पुढं रिचार्ज मारायचं राहिलं. आता नंबरच गेला कंपनीकडं."

आमच्या सगळ्या यंत्रणेत मालक मेला तर काय, याला जागाच नव्हती. मालक भांडेल, दुकान विकेल, नाव बदलेल, खोटा मालक येऊन दुसऱ्याची नोंद बळकावेल, या सगळ्याचा मी विचार केला होता. माणूस मरतो हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझे स्वतःचे वडील जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

बाईंचं नाव शोभाताई मगदूम. अखेर त्या बसल्या आणि मग हळूहळू सगळं कळत गेलं. शेतातल्या पंपाची मोटर जळते, विशेषतः उन्हाळ्यात, व्होल्टेज कमी असताना. मग तिच्या आतली जळकी तांब्याची तार काढायची, खाचांमध्ये नवा कागद घालायचा, मोजून तितकेच वेढे देऊन नवी कॉइल भरायची, दोऱ्यानं बांधायची, वार्निश मारून वाळवायची. हे रिवाइंडिंग. दुकान नवऱ्याच्या नावानं चाललं तरी कॉइल भरायचं काम गेली अकरा वर्षं शोभाताईच करत होत्या. नवरा गिऱ्हाइकाशी बोलायचा, मोटर खोलायचा, बसवायचा. बाई आतल्या खोलीत असायच्या, त्यामुळे कॉइल कोण भरतं हे फार कुणाला माहीत नव्हतं.

"तेरा दिवस झाल्यावर मी म्हटलं, मी चालवतो दुकान. आत्ती न्हाय म्हणाल्या. अशोकभावजी म्हणाले, बाईमाणसाकडं मोटर कोण सोडतंय? मग ठरलं, उन्हाळाभर बघायचं. गिऱ्हाईक आलं तर चालवायचं, न्हायतर मृगाला गाळा सोडायचा."

"आणि गिऱ्हाईक?"

"आलं न्हाय. शेजारपाजारच्या तीन-चार मोटरी, बस्स. भर उन्हाळ्यात! परवा मलकापूरचा एक जुना माणूस आला, चुकून आला. म्हणाला, वैनी, चालू हाय व्हय तुमचं? मोबाईलवर तर बंद दाखवतंय की. तवा कळलं मला."

हे समजायला मला वेळ लागला नाही. पंधरा एच.पी.ची मोटर टेम्पोत घालून, दुकान चालू आहे का बघायला कोण येईल? माणूस आधी फोन लावतो. जुना नंबर लागत नाही म्हटल्यावर मोबाईलवर शोधतो. तिथं आमचं पान सगळ्यांत वर. त्यावर लाल अक्षरं. आणि लाल अक्षरांच्या खाली, मीच मोठ्या हौसेनं बसवलेली एक पट्टी होती: जवळचे पर्याय. दुकान बंद असेल तर गिऱ्हाइकाला शेजारची तीन दुकानं सुचवायची. इंदुमतीच्या खाली तीन रिवाइंडिंगवाले होते, फोनच्या बटणासकट.

मी नोंदीचा लॉग उघडला. लॉग म्हणजे वही समजा. कुठल्या नोंदीत कुणी, केव्हा, काय बदल केला, हे तिथं आपोआप लिहिलं जातं. सर्व्हे करणाऱ्या बाईनं 'बंद' असं भरलं होतं. त्यानंतर आमच्या मशीननं त्या नंबरवर तीनदा फोन लावला होता, तिन्ही वेळा स्विच ऑफ. मग ती नोंद मंजुरीसाठी थांबली होती. मंजुरी दिली की 'बंद'चं 'कायमचे बंद' होतं. मंजुरी देणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव होतं.

ती मंजुरी मला आठवतसुद्धा नव्हती. साइट सुरू करायच्या आदल्या शनिवारी तीनशेच्या वर नोंदी अशा थांबलेल्या होत्या. चौगुले साहेब दर तासाला फोन करत होते. मी 'सगळे निवडा' वर टिचकी मारली आणि एका फटक्यात सगळ्या मंजूर केल्या. एक एक उघडून बघितली असती तर फोटो दिसला असता. तो मी आता बघितला. शटर अर्धवट उन्हात, शटरवर बांधलेला श्रद्धांजलीचा फ्लेक्स, फ्लेक्सवर गॉगल घातलेला हसरा माणूस आणि खाली शोकाकुल म्हणून घरच्यांची नावं. त्यात 'सौ.' कापून 'श्रीमती' केलेलं शोभाताईंचंही नाव होतं.

मी स्क्रीन थोडी माझ्याकडे वळवली.

"काय झालतं?" त्यांनी विचारलं.

"सिस्टिमची चूक आहे," मी म्हणालो.

"सिस्टिम म्हंजे कोण?"

"कॉम्प्युटर हो. आपोआप होतं कधी कधी."

हे मी बोललो. आज लिहितानाही लाज वाटते, पण बोललो हे खरं.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "चालू करा. आणि मला एक कागद लिहून द्या. तुमच्या शिक्क्याचा. गिऱ्हाईक आलं न्हाय ते बाई दुकानात बसली म्हणून न्हाय, मोबाईलवर चुकीचं लिहिलं होतं म्हणून, एवढंच. आत्तींना आणि भावजींना दाखवतो. आणखी एक वर्ष देतील मला."

मागणी एवढीच होती. भरपाई नको, माफी नको, चार ओळींचा कागद. मी म्हणालो, साहेबांना विचारतो, आणि मोबाईल घेऊन जिन्यात गेलो.

"चालू करा की, त्यात काय विचारायचं?" चौगुले साहेब म्हणाले. मग कागदाचं सांगितल्यावर आवाज बदलला. "लिहून-बिहून काय द्यायचं न्हाय हं, देसाई."

"साहेब, चूक आपलीच आहे."

"असू दे की. तोंडी सॉरी म्हणा, चहा पाजा. लेखी दिलं की ते कोर्टात चालतंय. आज एका बाईला दिलं, उद्या पन्नास जण दारात. आन् पुढच्या महिन्यात आपलं ॲप येतंय, ध्यानात हाय न्हवं?"

ध्यानात होतं. ते ॲप आम्हीच करणार होतो. माझ्या ऑफिसातल्या चार माणसांचं पुढचं वर्ष त्या ॲपवर होतं. साहेबांनी ते तोंडानं म्हटलं नाही, म्हणायची गरज नव्हती.

मी आत आलो. शोभाताईंचा नवा नंबर घातला, नोंद चालू केली, त्यांना मोबाईलवर दाखवली. लाल अक्षरं गेली. त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

"आणि कागद?"

"तीन-चार दिवसांत देतो. वरून मंजुरी यायची आहे."

"मृगापर्यंतच वेळ हाय माझ्याकडं," एवढं म्हणून त्या गेल्या.

आता इथं एक गोष्ट समजावून सांगितली पाहिजे, कारण लोकांना वाटतं इंटरनेटवर दुरुस्ती केली की सगळीकडे झाली. तसं होत नाही. आपलं पान मोठी सर्च इंजिनं वाचून जातात आणि त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवतात. आपण पान बदललं तरी ती प्रत जुनीच दाखवत राहते, पुन्हा वाचायला येईपर्यंत. शिवाय आमची माहिती साहेबांनी आणखी दोन ठिकाणी वापरायला दिली होती. म्हणजे मी माझ्या घरातला दिवा लावला होता, बाहेर सगळीकडे अंधारच होता. मी अर्ज टाकले, मेल केले. तरी पुढचे तीन आठवडे मोबाईलवर 'कायमचे बंद' दिसतच होतं. मी रोज सकाळी ऑफिसला आलो की पहिलं तेच शोधायचो.

शोभाताई येऊन गेल्या त्याच आठवड्यात सर्व्हेवाल्या संगीताताई ऑफिसचा फोन परत करायला आल्या. उद्यमनगर त्यांच्याकडे होतं. पन्नाशीच्या, बोलायला फटकळ बाई. मी विचारलं, "मगदुमांच्या रिवाइंडिंगवर तुम्ही बंद टाकलंत. शेजारी विचारायचं तरी ना."

"विचारलं न्हाय असं कोण म्हणतंय? शेऱ्यात लिहिलंय की मी सगळं. वाचलं न्हाय व्हय तुम्ही?"

"कुठला शेरा?"

"फॉर्मच्या खाली रकाना होता की. ट्रेनिंगला मी तुम्हालाच विचारलं होतं, सुतक असलं तर काय भरायचं? फॉर्ममध्ये तीनच पर्याय. चालू, बंद, दुसरीकडे गेले. तुम्ही म्हणालात, बंद भरा, बाकीचं शेऱ्यात लिहा."

मी मूळ एक्सेल फाइल काढली. शेवटचा रकाना, शेरा. मगदुमांच्या ओळीत लिहिलं होतं: 'मालक वारले. सुतक आहे. तेरा दिवसांनी उघडणार, वहिनी चालवणार असे शेजारी म्हणाले. परत येऊन बघणे.'

हा रकाना साइटवर का चढला नाही, तेही मला ठाऊक होतं. मीच वगळला होता. त्यात बायकांनी मनाला येईल ते लिहिलं होतं. 'कुत्रं आहे, सांभाळून.' 'मालक चिडका.' 'चहा दिला, चांगली माणसं.' हे चुकून साइटवर आलं तर बोंब होईल म्हणून मी अख्खा रकानाच उडवला. साफसफाई केली म्हणून स्वतःची पाठही थोपटली होती. फॉर्ममधली सगळ्यांत खरी माहिती त्याच रकान्यात होती. सुतकाचा शेरा असलेली आणखी दुकानं शोधली. चाळीसेक निघाली. बहुतेकांनी आपापली नोंद ओटीपीनं उघडून घेतली होती. ज्यांचा नंबर जिवंत होता त्यांनी.

"मग आता त्या बाईला काय सांगितलंत?" संगीताताईंनी विचारलं.

"सिस्टिमची चूक म्हणून."

"छान," एवढंच म्हणून त्या उठल्या. फोनचा चार्जर टेबलावर ठेवला आणि पावती न मागता गेल्या.

दोन दिवसांनी मी उद्यमनगरला गेलो. खरं सांगायचंच, असं ठरवून गेलो. कागदाचं बघू पुढं, पण निदान तोंडानं सांगू. दुकान मागच्या गल्लीत, दोन फाउंड्रींच्या मधल्या बोळात. शोभाताई खाली पोत्यावर बसून कॉइल भरत होत्या. हात असे चालत होते की बघत राहावं. वेढे मोजताना ओठ हलायचे, पण नजर तारेवर. दारात खुर्ची टाकून एक माणूस बसला होता, पांढरा शर्ट, पायांत करकरीत कोल्हापुरी. तेच अशोकराव, धाकटे दीर. गावाकडे दूध संस्थेत असतात. माणूस वाईट नव्हता. भावाच्या मागं सगळं त्यांच्याच अंगावर आलेलं होतं, हे दिसत होतं.

"हे कॉम्प्युटरवाले साहेब," शोभाताई म्हणाल्या. हात थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, मी आता सांगणार, असं त्यांना वाटलं होतं. त्या वाट बघत होत्या.

"बसा पावणं," अशोकराव म्हणाले. "बरं झालं आलात. आता तुम्हीच सांगा. वैनी म्हणत्यात, मोबाईलवर काय चुकलं होतं म्हणून गिऱ्हाईक आलं न्हाय. माझं म्हणणं, मोबाईल बघून मोटर कोण टाकतंय? माणूस बघून टाकतंय. दादा होता तवा रांग असायची की न्हाय? दादा गेला, रांग गेली. ह्यात मोबाईलचा काय संबंध? हाय का काय संबंध?"

थेट प्रश्न होता. उत्तर एका वाक्याचं होतं. संबंध आहे, मीच बंद केलं होतं तुमचं दुकान, चार महिने. पण त्या क्षणी मला साहेबांचा आवाज ऐकू आला, पन्नास जण दारात. आणि दूध संस्थेतला माणूस, उद्या लेखी मागेल, गावातल्या कुणाला घेऊन येईल, असलं काहीबाही डोक्यात आलं.

"थोडा टेक्निकल इश्यू होता," मी म्हणालो. "म्हणजे, परिणाम होऊ शकतो. नक्की किती ते सांगता येणार नाही."

"बघा," अशोकराव शोभाताईंना म्हणाले. "होऊ शकतो म्हणत्यात."

शोभाताईंनी तार उचलली. पुन्हा वेढे द्यायला लागल्या. मधेच थांबल्यामुळे आकडा चुकला असावा, कारण तार उलटी सोडून त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. मी चहा न घेता निघालो. अशोकराव चहाचा आग्रह करत होते.

त्यानंतर मी जयसिंगपूरला जाऊन साहेबांना समोरासमोर भेटलो. शेऱ्याचा रकाना, सगळे-निवडा, फ्लेक्सचा फोटो, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. माणूस धंद्याचा असला तरी दगड नव्हता. फोटो बराच वेळ बघितला.

"वाईट झालं," म्हणाले. "पण ॲप येईपर्यंत थांबा, देसाई. महिनाभराचा प्रश्न हाय. मग द्या काय द्यायचं ते. मी नको म्हणणार न्हाय."

"मृगाला त्यांचा गाळा जातोय, साहेब."

"मग तुम्ही द्या की तुमच्या नावानं. माझ्या कंपनीचं नाव त्यात नको. एवढं पोटात दुखतंय तर द्या."

ते चिडून बोलले होते, पण रस्ता त्यांनीच दाखवला होता. तो मला पंधरा दिवस आधी दिसायला हवा होता. माझं स्वतःचं लेटरहेड होतं, माझा स्वतःचा शिक्का होता. चूक तर माझीच होती. साहेबांच्या परवानगीमागे मी लपून बसलो होतो, इतकंच. घरी बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, हे तुला जयसिंगपूरला जाऊन कळलं? मला राग आला.

पत्र लिहायलाही मी तीन दिवस घेतले. एकदा वकील मित्राला दाखवलं. त्यानं 'चूक' शब्द काढून 'अनवधान' घातला, मी तो पुन्हा काढला. शेवटी साधं लिहिलं. आपलं दुकान चालू असताना आमच्या डिरेक्टरीवर ते जवळपास चार महिने कायमचे बंद असे दाखवले गेले. सर्व्हेत खरी माहिती आली होती, ती मी वाचली नाही आणि न वाचता मंजुरी दिली. या काळात गिऱ्हाईक न येण्याचं हे मोठं कारण आहे. त्यात आपल्या कामाचा काही दोष नाही. खाली सही, शिक्का.

ते घेऊन उद्यमनगरला गेलो तेव्हा मृग लागून तीन दिवस झाले होते. दुकानाचं शटर उघडं होतं आणि आत एक माणूस भिंतीला चुना मारत होता. गाळ्याच्या मालकानं तो पॅकिंगच्या खोकेवाल्याला दिला होता. मगदूम कुठं गेले विचारलं. "कॉइलचं मशीन परवा टेम्पोत घालून नेलं," तो म्हणाला, "बाई जयसिंगपूरला कामाला लागली म्हणत होते."

नोंदीत त्यांचा नंबर होता. मी फोन केला, पत्ता विचारला, गेलो. पंपांचं मोठं वर्कशॉप. आत चार बायका ओळीनं बसून कॉइल भरत होत्या, शोभाताई तिसऱ्या. त्यांनी मला बघितलं, हातातली कॉइल पूर्ण केली, दोरा बांधला, मगच उठून बाहेर आल्या.

मी पत्र दिलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. मग पुन्हा एकदा, पहिल्यापासून.

"चांगलं लिहिलंय," म्हणाल्या.

"मी अशोकरावांना स्वतः भेटतो. तुमच्या सासूबाईंनाही सांगतो. सगळं सांगतो."

"आता काय सांगता? गाळा गेला. मशीन भावजींनी विकलं. आत्ती म्हणाल्या, बघ, म्हटलं होतं की मी." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "त्या दिवशी भावजी तुम्हाला तोंडावर विचारत होते. तुम्ही समोर होता, मी समोर होतो. तेवढं बोलला असता तर ह्या कागदाचं काम नव्हतं."

तेवढ्यात त्यांच्या हातातला फोन वाजला.

"व्हय, बोला... न्हाय, आता बंद झालंय ते... व्हय, बंद... दुसरीकडं बघा." त्यांनी फोन ठेवला. "तुमच्या साइटवरनं येत्यात. तीन दिवस झालं, दिवसाला चार-पाच. कालचा एक तर शिरोळचा, नदीवरच्या तीन मोटरी घेऊन येतो म्हणत होता."

दुरुस्ती आता सगळीकडे पोचली होती. माझे अर्ज, माझे मेल, सगळं लागू पडलं होतं.

"इथले मालक कुरकुर करत्यात, फोनवर बोलत बसू नका म्हणून," त्या म्हणाल्या. "तेवढं बंद करून टाका आता."

"आणखी थोडे दिवस ठेवू या का? पुढं कधी तुम्ही परत..."

"बंद करा, साहेब."

मी तिथंच, त्यांच्यासमोर, मोबाईलवर नोंद उघडली आणि 'कायमचे बंद' केलं. त्यांना दाखवलं. त्यांनी बघून मान हलवली, पत्राची घडी घातली, कमरेच्या पिशवीत ठेवली आणि आत गेल्या.

ॲप वेळेवर आलं. फॉर्ममध्ये आता चौथा पर्याय आहे, 'तात्पुरते बंद, सुतक किंवा आजारपण'. शेऱ्याचा रकाना एक माणूस बसून वाचतो. 'सगळे निवडा' हे बटण मी काढून टाकलं आणि मालक वारला असेल तर घरच्यांनी नंबर कसा बदलायचा, त्याचीही सोय केली. साहेब म्हणतात, काम वाढलं. वाढलंच आहे.

नवीन माणूस कामाला आला की मी त्याला हे सगळं दाखवतो. शेवटी एकच सांगतो. तुझ्या हातून कुणाचं नुकसान झालं, तर त्याच्या घरच्यांसमोर, ते विचारतील तेव्हाच्या तेव्हा, तोंडानं कबूल कर. पत्र मागाहून टाइप करता येतं.